हरकत असल्यास कळवावे

निवृत्ती आण्णांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी भूमिहीन ठरवलं.

मी तहसील कचेरीत कारकून म्हणून हजर व्हायला गेले होते. रेकॉर्ड रूमच्या दारात एक उंच, वाळका माणूस उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, हातात धूळ झाडायचं फडकं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, रहिमतपूरची आहे तेही सांगितलं. यातलं काही आपल्या कामाचं नाही अशा चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "गट कंचा तुमचा?"

माझे वडील शिक्षक. घराच्या मागे चार मिरच्यांची रोपं, एवढीच आमची शेती. तसं मी सांगितल्यावर आण्णांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग "म्हंजे भूमिहीन" असं म्हणून त्यांनी हळहळत मला बसायला स्टूल दिलं. त्या दिवसापासून ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांची 'भूमिहीन बाई' होते.

बाकी सगळ्यांना त्यांच्याकडे नंबर होते. तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला ते नावानं ओळखत नसत, शेताच्या गट नंबरानं ओळखत. बाजारच्या दिवशी कचेरीत गर्दी झाली की आतून आवाज यायचा, "दोनशे बारा आलंय, चहा सांगा. आन् सत्तर बटे दोन कवाधरनं उभं हाय, त्याला बसू द्या." लग्नाची पत्रिका आली की ती वाचून म्हणायचे, "एकशे चारची पोरगी तीनशे साठला दिली. बांधाला बांध न्हाई लागत, पर मानसं बरी हायत." माणसांनाही याचा राग नसे. एखादा म्हातारा तर खिडकीशी येऊन आपणच सांगायचा, "आण्णा, म्या चौऱ्याऐंशी."

कुठलीही गोष्ट सांगायची तर आण्णा चतुःसीमेत सांगत. खरेदीखतात जमिनीच्या चार दिशांना काय आहे ते लिहितात, तसं. दुपारी डबा उघडला की आधी पाहणी व्हायची. "पूर्वेस भाकरी, पश्चिमेस खर्डा, उत्तरेस कांदा, दक्षिणेस काय न्हाई." डबा ते स्वतःच करत. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. एस.टी. स्टँडमागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत आणि कचेरी उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसत.

त्यांचा लाडका प्रश्न एकच होता, "नोंद झाली का?" कुणाला नातू झाला, पेढा पुढे केला, की पेढा तोंडात टाकायच्या आधी "नोंद झाली का?" एकदा शिपाई म्हणाला की माण तालुक्यात काल चांगला पाऊस झाला. आण्णांनी विचारलं की पर्जन्यमापकात नोंद आहे का. शिपायाला ते कुठून माहीत असणार? "मग झाला न्हाई," आण्णा म्हणाले आणि पुन्हा फडकं मारायला लागले.

आणि त्यांचा कंस. सातबाऱ्यावरचं एखादं नाव कमी करायचं असेल तर ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. माणूस वारला, जमीन विकली, हक्क सोडला, की नाव कंसात जातं. नाव दिसत राहतं, पण त्याला अधिकार उरत नाही. आण्णांच्या भाषेत त्यामुळे कुणी मरतच नसे. "वडगावचा तुका कंसात गेला." "आमची मंडळी कंसात गेल्या त्याला बारा वरसं झाली." हेडक्लार्कच्या सासूबाई वारल्या तेव्हा आण्णा भेटायला गेले, दहा मिनिटं मान खाली घालून बसले आणि निघताना म्हणाले, "वाईट झालं. पर कंस करायची घाई करू नका, आधी वारस लावा." हेडक्लार्कच्या बायकोनं त्यानंतर वर्षभर आण्णांना चहा विचारला नाही.

अशा माणसाच्या राज्यात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कचेरीनं करमणुकीची तयारी केली. सगळ्या तालुक्याचे सातबारे यंत्रात भरायचे, आणि मागेल त्याला खिडकीवर छापील उतारा द्यायचा, असा हुकूम आला. आता म्हातारा उपोषणाला बसतो की दप्तराला कुलूप लावून किल्ली ओढ्यात टाकतो, यावर पैजा लागल्या होत्या. पैजा लावणारे सगळेच हरले.

कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली झाली. तिला गार हवेचं यंत्र, काचेचं दार आणि बाहेर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. आण्णांनी चपला काढल्या, मग अंगणातल्या नळावर जाऊन पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत आले. यंत्राकडे बराच वेळ बघितलं. मी माऊस दाखवला, याला उंदीर म्हणतात असं सांगितलं. "जल्मभर दप्तर उंदरापासनं राखलं," ते म्हणाले, "आन् आता उंदराच्याच हवाली?" मग त्यांनी विचारलं की यात भरलेलं भिजतं का, वाळवी लागते का, कुणी पान फाडून नेऊ शकतं का. मी तिन्हीला नाही म्हणाले. आण्णांनी तिथल्या तिथं यंत्राला आपलं म्हटलं.

उतारे भरायचं काम माझ्याकडे होतं. पुण्याला आमचं प्रशिक्षण झालं होतं. तिथे सांगलीच्या कचेरीतली सुनीता माझ्या शेजारी बसायची, ती पुढे कामाला आली म्हणून आत्ताच तिचं नाव सांगून ठेवते. मी भरायचं, छापायचं, आणि आण्णांनी तो कागद जुन्या दप्तराशी ताडून मोठ्यानं वाचायचा. त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटत नसे. एकदा घाईत मी 'पोटखराबा'च्या जागी 'पोट खराब' भरलं. पोटखराबा म्हणजे गटातली न पिकणारी जमीन. तेवढा काना गेला तो पुढच्या सगळ्या उताऱ्यांवरून गेला. आण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "भूमिहीन बाई, अर्ध्या वडगावाचं पोट बिघडवलं तुमी." मी दोन दिवस पोटं दुरुस्त करत होते.

पण काय झालं ते काम! आजही सांगताना माझी मान ताठ होते. पूर्वी एका उताऱ्यासाठी माणूस तलाठ्याच्या मागे हिंडायचा. तलाठ्याकडे तीन गावं, तो आज या चावडीत तर उद्या त्या चावडीत. वाडीवरच्या म्हातारीनं भाकरी बांधून तीन वेळा यावं आणि दाराचं कुलूप बघून परत जावं. आता खिडकीशी गट नंबर सांगितला की चहा संपायच्या आत कागद हातात. कोर्टाकडून, बँकेकडून माणसं यायची, आधी कुरकुरत, मग आपणहून. साताऱ्याहून माहिती मागवली की पूर्वी महिनाभर स्मरणपत्रं चालायची. आता टेलिफोनच्या तारेवरून माहिती जायची. जोडणी होताना तो मोडेम किंचाळायचा, आणि आण्णा शिपायाला हात करून गप्प करायचे. "गप. सातारा बोलतोय."

एक फौजी आला होता. दहा दिवसांची रजा, त्यातला एक दिवस गाडीत गेलेला. उताऱ्यापायी आता चार-पाच दिवस जाणार हे धरूनच तो आला होता, बरोबर डबाही होता. मी पाच मिनिटांत कागद हातात दिला. त्यानं तो उलटा-सुलटा करून बघितला, शिक्का बघितला आणि गोंधळून विचारलं, "झालं? मग आता म्या काय करू?"

"घरी जा, आईजवळ बस," आण्णा आतून म्हणाले. "आन् भूमिहीन बाई, चार दिस वाचलं. नोंद करा."

वडूजला कुणाच्या लग्नाला गेले तरी आण्णा पंगतीत हेच सांगत बसायचे. आमच्या तालुक्याचं दप्तर साताऱ्यात दिसतं, तारेतून. समोरच्याला ते कळो न कळो, त्याच्या पानात जिलबी पडेपर्यंत ते थांबत नसत.

एका गोष्टीवर मात्र ते तहसीलदार साहेबांशी भांडले. हुकूम असा होता की चालू नावंच यंत्रात भरायची, कंसातली सोडून द्यायची. आण्णा म्हणाले, गेलेली माणसं बी आपलीच हायत. साहेब समजुतीनं म्हणाले की जुनं दप्तर तुमच्या खोलीत जपून राहणारच आहे. आण्णा फडकं उचलून निघून गेले.

त्यानंतर रोज दुपारी, डब्याची चतुःसीमा झाल्यावर, ते पाय धुऊन आत यायचे आणि मला एक नाव शोधायला सांगायचे. ठकूबाई रामा, गट एकशे अठरा. मी टाइप करायची. पडद्यावर यायचं, 'नोंद आढळली नाही.' आण्णा मान डोलवायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी विचारलं तर म्हणाले, यंत्र तपासतोय. मला वाटलं, एखादं जुनं हरवलेलं नाव असेल, याच्यानं ते यंत्राची परीक्षा घेत असतील. कचेरीत यावरही चेष्टा सुरू झाली. कुणाची फाईल सापडली नाही की "ठकूबाईला विचार" असं म्हणायचे. मीही एकदा म्हणाले, ते मला आजही टोचतं.

महिना-दीड महिन्यानं मी विचारलंच, कोण आहे ही ठकूबाई. आण्णा रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि एक जुनं दप्तर घेऊन आले. गट एकशे अठरा. वर त्यांच्या वडिलांचं नाव कंसात. खाली निवृत्ती रामा. त्याखाली ठकूबाई रामा, कंसात, आणि पुढे 'हक्कसोड'. अक्षर इतकं सुरेख की मी विचारलं, हे कुणाचं?

"माझंच," ते म्हणाले. "नवाच लागलो हुतो. तलाठी म्हनलं, तुजं अक्षर चांगलं हाय, तूच लिव्ह."

मग तुटक तुटक त्यांनी सांगितलं ते असं. वडील गेले. भावकीत रीतच होती, बहिणीनं हक्क सोडायचा आणि साडीचोळी घेऊन जायचं. कुणी तिला विचारलं नाही, आण्णांनीही नाही. तिनं कागदावर अंगठा उठवला. साडी मात्र घेतली नाही, घडी तशीच पाटावर ठेवून गाडीत बसली. तिला जमीन नको होती, पण भावानं एकदा विचारावं असं वाटत होतं, हे आण्णांच्या बायकोला समजलं होतं, आण्णांना समजायला तीस वर्षं लागली. तेवढ्या वर्षांत ती माहेरी आली नाही आणि हेही गेले नाहीत.

"कंस लय देखना काढला हुता मी," आण्णा म्हणाले आणि दप्तर बांधून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते लायनीत उभे होते. आपल्याच कचेरीच्या खिडकीसमोर, वडगावच्या दोन माणसांच्या मागे, हातात अर्ज. मी आत या म्हणाले तर मान हलवून नाही म्हणाले. अर्ज असा होता की गट एकशे अठराला बहीण ठकूबाई हिचं नाव आपल्या बरोबरीनं लावावं, आपली खुशी आहे. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. त्यांनी सांगितलं की नियमाप्रमाणे बहिणीला नोटीस जाईल. तिनं पंधरा दिवसांत येऊन जबाब द्यायचा. तिची हरकत आली, किंवा ती आलीच नाही, तर नोंद धरता येणार नाही. महिनाअखेर आण्णा निवृत्त होणार होते, आणि त्याच सुमाराला आमचं भरलेलं सगळं दप्तर कायम होऊन साताऱ्याला जाणार होतं. तोवर जे नाव लागेल ते लागेल.

नोटीस बहिणीच्या सासरच्या गावाहून आठवड्यात परत आली. पाकिटावर पोस्टमननं लिहिलं होतं, 'या नावाची बाई गावात नाही.'

आण्णा पाकीट हातात घेऊन स्टुलावर बसले. "कागदावर ठकूबाईच हाय," ते म्हणाले. मी हळूच विचारलं, लग्नात त्यांचं नाव बदललं असेल ना, सासरी काय नाव ठेवलं? आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"तांदळात लिव्हलं हुतं," ते म्हणाले. "मी तवा पंगतीत वाढत हुतो."

साऱ्या तालुक्याची नावं ज्याला तोंडपाठ, मेलेल्या माणसांची सुद्धा, त्या माणसाला आपल्या एकुलत्या एका बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं. घरात ती ठकूच होती. मेव्हण्याचं नाव शंकर एवढं त्यांना माहीत होतं, आडनाव माहीत होतं, आणि तो गाव सोडून सांगलीला गिरणीत लागला असं कधीतरी उडत उडत ऐकलेलं.

मी सांगलीला सुनीताला फोन लावला. त्यांच्याकडे मतदारांच्या याद्या नुकत्याच यंत्रात भरून झाल्या होत्या. नवऱ्याचं नाव आणि आडनाव देऊन शोध, असं मी सांगितलं. पूर्वी हेच काम निघालं असतं तर एक शिपाई सांगलीभर आठ दिवस गल्ल्या विचारत हिंडला असता. सुनीताचा फोन अर्ध्या तासात आला. त्या नावाच्या तीन नवऱ्यांच्या बायका सापडल्या होत्या. वय जुळणारी एकच होती, आणि तिचा पत्ता गिरणीजवळच्या चाळीचा होता.

"सुमन," मी आण्णांना सांगितलं.

"सुमन," ते म्हणाले. मग फडक्यानं टेबल पुसत पुसत पुन्हा एकदा म्हणाले, "सुमन व्हय."

मी म्हटलं, आण्णा, आता नोटीस कशाला, एक साधं पत्र लिहा, नाहीतर सरळ गाडीत बसा. त्यांना ते पटेना. पत्राला काय पुरावा? नोटीस बजावली म्हणजे बजावली. मला वाटतं, त्यांना जायची भीती वाटत होती. नवी नोटीस गेली, 'सुमन उर्फ ठकूबाई' अशा नावानं. खाली छापील ओळ होतीच, 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.'

त्या दिवसांत आण्णांनी कुणाला नोंदीबद्दल विचारलं नाही. डबा उघडायचे आणि चतुःसीमा न सांगताच जेवायचे.

तेराव्या दिवशी दुपारी खिडकीशी एक बाई आली. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आण्णांसारखीच उंच आणि वाळकी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं नोटीस काढली आणि फळीवर आपटली.

"हरकत नोंदवायची हाय," ती म्हणाली.

रेकॉर्ड रूममधला फडक्याचा आवाज थांबला होता. मी रजिस्टर ओढलं आणि नाव विचारलं.

"कंचं सांगू? हितलं का तिथलं?"

"दोन्ही सांगा."

तिनं दोन्ही सांगितली. मग माझ्याकडे न बघता, माझ्या डोक्यावरून रेकॉर्ड रूमच्या दाराकडे बघत ती बोलली. आवाज साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असा.

"लिव्हा. भावाला भन पायजे असंल तर त्यानं दाराशी यावं, आवतान द्यावं. सरकारी नोटीस धाडू नये. ही माजी हरकत हाय."

मी विचारलं, जमिनीबद्दल काही हरकत? तिनं हात झटकला. "जमिनीचं मला काय करायचंय, बाई. नाव ऱ्हाऊ द्या. आन् ते दुसरं नाव लिव्हलंय ते बी ऱ्हाऊ द्या. तिकडं कुनाला ठाव न्हाई मला ठकू म्हनत्यात."

आण्णा दारात आले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना बिनटोपीचं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले होते आणि एकही कागद हलत नव्हता.

"ठके," आण्णा म्हणाले, "घरी चल."

तिनं पदर डोळ्यांना लावला, मग पदरानंच फळीवरची धूळ पुसली. थोड्या वेळानं मला विचारलं, "लिव्हलं का, बाई? त्यानं बोलावलं म्हनून?"

मी म्हटलं, रजिस्टरात तसा रकानाच नाही.

"शेऱ्यात लिव्हा," आण्णा म्हणाले.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'अर्जदाराने समक्ष बोलावले. हरकत निकाली.' साहेबांनी बाहेर येऊन स्वतः सही केली आणि त्या बाईंसाठी चहा सांगितला. त्या दिवशी मला त्या कचेरीचा, त्या यंत्राचा आणि त्या म्हाताऱ्याचा जो अभिमान वाटला, तसा माझ्या सगळ्या नोकरीत पुन्हा वाटला नाही.

महिनाअखेर आण्णांचा शेवटचा दिवस. नारळ, शाल, भाषणं झाली. निवृत्तीराव निवृत्त झाले हा विनोद तिघांनी केला. सगळं संपल्यावर आण्णा नळावर गेले, पाय धुतले आणि कॉम्प्युटरच्या खोलीत आले. मी खुर्ची दिली. एका बोटानं त्यांनी नाव टाइप केलं. ठ शोधायलाच बराच वेळ गेला, मी सांगितलं नाही. पडद्यावर गट एकशे अठरा आला. निवृत्ती रामा. सुमन उर्फ ठकूबाई रामा. कंस नव्हता. आण्णांनी काचेवर, तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना, बोट फिरवून खात्री करून घेतली.

उताऱ्याच्या दोन प्रती घेऊन ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि वळले.

"भूमिहीन बाई, रविवारी जेवायला या. ठकी आलीया. गावाकडचं घर उघडलंय."

मी पत्ता विचारला.

"गट एकशे अठरा," आण्णा म्हणाले. "पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बापू मान्याचं रान, उत्तरेस गायरान. आन् मधी आमी दोघं."